बिब्ब्याची खूण

धानोरा, ता. ३ मार्च १९५५

ती. आजीस खुशालचा सा. न. वि. वि.

मी मजेत. तुझं सुईणपण कसं चाललंय? इथे माता आली आहे, देवीची साथ आहे. शेजारच्या गावात सात जण अंथरुणावर. देवी टोचायला गेलो की लोक पोरं लपवतात. मग मी दंडावरची खूण दाखवतो. म्हणतो, माझ्या सुईण आजीनं लहानपणीच टोचून घेतलं, पाहा, धडधाकट आहे! टोचणीच्या नोकरीला लागताना ही खूण पाहून साहेबांनीही मला पुन्हा टोचलं नाही. होळी झाली की त्याच गावात मुक्कामाला जातो. लोभ असू दे.

तुझा खुशाल

डोंगरगाव, ता. ५ मार्च

चि. खुशालले मनकर्णा आजीचे आशीर्वाद.

लेका, त्या गावात जाऊ नको. तुले देवी टोचलीच नाई. तू दोन वर्साचा होता. टोचणारा येनार कळलं, तं मातेचा कोप होईन म्हनून मी महिनाभर आधीच तुझ्या दंडाले बिब्बा लावला. फोड आला, खूण रायली. टोचणारा फसला, वरून मलेच शाबासकी देऊन गेला. लय हसली मी.

रुखमाबाईनं इचारलं, सुईणबाई, तुमी काय केलं? तिलेबी बिब्बा देला. त्याच साली तिच्या गिरजाले माता निघाली. पोर गेली. मातेची मर्जी म्हनून मी तिच्यासंग रडली.

हे पत्र सोमाजी लिहून राह्यला, गिरजाचा भाऊ. गावात दुसऱ्या कोनाले लिहिता येत नाई. इथी त्यानं टाक खाली ठेवला. मी म्हनली, मले काय बोलायचं ते मंग बोल, आधी लिही, पोराचा जीव हाय. त्यानं लिहिलं. माह्याकडं पाह्यलं नाई.

तुझं पत्र घेऊन आला, त्या चैतूच्याच हाती पाठवते. आधी टोचून घे. लोभ ठेवायचा का नाई, ते मंग पाह्य.

तुझी आजी

डोंगरगाव, ता. २ एप्रिल

चि. खुशालले आशीर्वाद.

तू टोचून घेतलं, लोकायले खरंबी सांगतलं, हे आयकून जीव भांड्यात पडला. ते तुले हासले, असं लिहिलं तू. ते हासनं माह्या वाट्याचं होतं, बाबा.

हे पत्र बाहेरगावचे पोस्टमन लिहितेत. सोमाजीच्या दारी कोन्या तोंडानं जाऊ? गिरजाची गोष्ट आता गावभर झाली. बाया बाळंतपणाले बलावतेत, पन हात धू म्हनून दोनदा सांगतेत.

काल टोचणारा आला. पोरं लपली. मी म्हनली, आधी मले टोच. तो म्हने, म्हातारीचा हात कोनी धरा. कोनी उठेना. मंग रुखमाबाई उठली. बोटं रुतेपर्यंत तिनं माहा दंड धरला. मी वर पाह्यलं नाई. टोचून झालं, तरी तिनं सोडला नव्हता.

जमलं तं लोभ ठेव.

तुझी आजी