धाकटीला माफ, मला का नाही

२ जून
पुढच्या खोलीचा निकाल धाकट्या जावेच्या बाजूनं लागला. सासऱ्यांनी तिच्या नावावर लिहून दिली होती म्हणे. शेवटी शेवटी त्यांना पोटचा मुलगा ओळखू येत नव्हता, ही बरी ओळखू आली. अपील करणार. रस्त्याकडची ती खिडकी माझी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथं मीच बसते. मला राग आलेला नाही.

९ जून
वकील म्हणाला, आजी, अपिलाला कोर्ट फी लागेल. विचारलं, धाकटीनं किती भरली? म्हणाला, त्यांना माफ झाली, त्यांना उत्पन्न नाही. म्हणजे खोली फुकट आणि भांडणही फुकट. म्हटलं, माझाही गरिबीचा अर्ज टाक. तर म्हणे, तुम्हाला आजोबांची पेन्शन आहे. असू दे. पेन्शनीनं कोण श्रीमंत झालंय?
मुलगा म्हणाला, आई, फी मी भरतो, पण वेळेत भरू. त्याला कळत नाही. तिनं भरली नाही, मी का भरू?

२७ जून, सकाळी
आज अर्जाची तारीख. विटकी साडी, हात मोकळे. आरशात चांगलीच गरीब दिसते.
आत्ता धाकटी जिना उतरताना दिसली. कोरी साडी, गळ्यात मोत्यांची माळ. परत आत आले. कपाट उघडलं.

२७ जून, संध्याकाळी
न्यायाधीशांनी विचारलं, आजी, उत्पन्न काय? म्हटलं, काही नाही. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. म्हणून सांगितलं, सोन्याच्याच आहेत, हिचे मोती खोटे आहेत. वकिलानं डोळे मिटले. अर्ज नामंजूर. फी भरायला महिन्याची मुदत. पण बांगड्या अख्ख्या कोर्टानं पाहिल्या.

१९ जुलै
मुलगा फीचे पैसे उशाशी ठेवून गेला. हात लावलेला नाही. न्यायाधीश माणूस समजूतदार दिसला. एकीला माफ केली, दुसरीला का नाही, हे त्याला आज ना उद्या सुचेलच.

२९ जुलै
अपील फेटाळलं. खोली कुणाची हे कुणी विचारलंच नाही. फी नाही, एवढंच. वकील म्हणतो, आजी, केसमध्ये दम होता हो. म्हटलं, आधी सांगायचं नाही का? म्हणे, दर फोनवर सांगत होतो. फोनवर तो फीचंच बोलायचा.

११ ऑगस्ट
मागच्या खोलीत आले. इथून समोरची भिंत दिसते. धाकटी म्हणाली, अक्का, पुढं येऊन बसत जा. तिच्या मेहेरबानीवर मी जाणार नव्हते. दुपारी गेले, ती खिडकीत कशी बसते ते बघायला.
ती बसतच नाही. उजेडानं डोकं दुखतं म्हणे. खिडकीला कपाट लावून टाकलंय.
कपाट नवं आहे. आरशाचं. मला असलं कुणी कधी घेतलं नाही.