सरकारी बाप

१६ सप्टेंबर १९७९, रविवार

ही वही जानेवारीपासून ट्रंकेत पडून आहे. आज लिहू, उद्या लिहू — नऊ महिने गेले! एवढ्यात बायका बाळंत होतात, माझं एक पान झालं नाही. मध्ये सुरतेला साड्यांच्या मिलमध्ये जाऊन आलो. मग ट्रकवर क्लीनर. मग पंचवटीत चिवडेवाल्याकडे. तिथे चिवडा खाऊन पोट बिघडलं म्हणून सोडलं. त्याचं म्हणणं, त्यानेच काढलं. असो.

आता लिहायलाच हवं, कारण नोकरी अशी लागली आहे की कोणाला सांगता येत नाही. मी बाप झालो आहे. रोजंदारीवर!

यंदा बालकवर्ष. सगळ्यांनी पोरांसाठी काही ना काही काढलंय — कोणी बाग, कोणी शर्यती. आमच्या ऑफिसने बापांना सुधारायला घेतलंय. 'पितृ-सहभाग प्रोत्साहन अभियान'. साहेबांनाही एका दमात म्हणता येत नाही. जीपमधून गावोगाव जायचं, भोंग्यावर ओरडायचं, माणसं जमली की बतावणी. तीत बाप मी. पोर म्हणजे कापडी बाहुली. तिला न्हाऊ घालतो, भरवतो, कडेवर घेऊन नाचतो. बायका पदर तोंडात कोंबून हसतात. पुरुष बिड्या ओढत बघतात — गाढवाने चष्मा लावला की बघावं तसे.

मला मिशी लावतात. साहेब म्हणाले, "बिनमिशीचा बाप बरा दिसत नाही."

जीपचा ड्रायव्हर फकिरा ढोलकी वाजवतो. तो चार पोरांचा खराखुरा बाप. त्यालाच का नाही घेतलं? मी विचारलंच. साहेब म्हणाले, "चार? कुटुंबनियोजनवाले तक्रार करतील."

१९ सप्टेंबर, बुधवार

पेठ. पाऊस. सभेला तीन माणसं आणि एक बकरी. बकरी शेवटपर्यंत बसली.

२२ सप्टेंबर, शनिवार

सायखेडा. माणसं भरपूर! पुढे खुर्च्यांवर म्हातारे, मागे जमिनीवर त्यांची पोरं — म्हणजे बाप — आणि देवळाच्या भिंतीला बायका. साहेबांनी अर्धा तास बाप या विषयावर भाषण केलं. मागून कोणीतरी विचारलं, "सायेब, तुमचं पोरगं कितवीला हाय?"

साहेब म्हणाले, "ते... तसा हुशार आहे."

बतावणी झाली. मग साहेबांना नवं सुचलं. नाशिकहून फोटोवाला आणला होता, म्हणून असेल. भोंग्यावर म्हणाले, "आता तरुण पित्यांनी पुढे यावे व आपापल्या बालकास सर्वांसमक्ष उचलून घ्यावे!"

कोणी हलेना. एकजण तंबाखू मळायला लागला, एकाला पायातला काटा सापडला. भिंतीपाशी एक पोर केव्हाचं रडत होतं — सात-आठ महिन्यांचं, डोक्याला आरशांची कुंची. त्याच्या आवाजाने मधल्या रांगेतला एक गडी अर्धा उठला. खरंच उठला, मी पाहिलं. एवढ्यात पहिल्या खुर्चीवरचा म्हातारा खाकरला. गडी मटकन खाली बसला.

साहेब चिडले. फोटोशिवाय परत कसं जायचं! थेट बायकांत घुसले. "द्या हो बाई इकडे, सरकारी काम आहे." ती बाई पुरुषांकडे बघत राहिली. पोर साहेबांच्या हातात, तिथून माझ्या. फोटोवाला "हसा" म्हणेपर्यंत पोराने माझी मिशी धरली आणि ओढली — अर्धी त्याच्या मुठीत! ते असं खदखदून हसलं की मलाही आवरेना. फोटो निघाला. परत देताना पोर माझ्या शर्टाचं बटण धरून बसलं होतं. सुटेना.

येताना फकिराला म्हणालो, ही माणसं दगड आहेत.

"तूच दगड," फकिरा म्हणाला. "म्हातारे समोर बसवलेत ना साहेबांनी, खुर्च्यांवर! बापाच्या देखत आपलं पोर कोण उचलतं? लाज असते माणसाला. माझा म्हातारा ओटीवर असला की मी पोरांना नावानं हाकसुद्धा मारत नाही."

मग आठवलं. आमच्याकडे तेच होतं. आजोबा घरात असले की आमचा बाप माझ्याकडे बघायचाही नाही. मला कितीतरी दिवस वाटायचं, मी शेजाऱ्यांचा. आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. तेव्हा त्याने एकदा उचलून पाहिलं. पण वजन झालं होतं. ठेवलं खाली.

३ ऑक्टोबर, बुधवार

काही लिहिण्यासारखं नाही. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, एक माणूस नाकाने बासरी वाजवत होता. दुपारभर तिथेच. रोजंदारी कापली.

९ ऑक्टोबर, मंगळवार

पोस्टर आलं! पोराच्या कुंचीचे आरसेसुद्धा मोजता येतील असं छापलंय. माझी अर्धी मिशी छापखान्यात शाईने पुरी केली — मूळ होती तिच्यापेक्षा झुपकेदार. खाली मोठ्या अक्षरांत, 'जबाबदार पिता, सुखी बालक'. त्याखाली लहान अक्षरांत, 'सायखेड्याचे एक आदर्श पिता, आपल्या बालकासमवेत'.

साहेबांना म्हटलं, मी सायखेड्याचा नाही, पिताही नाही. म्हणाले, "गावाचं नाव घातलं की गाववाल्यांना आपुलकी वाटते."

एस्टी स्टँडवर पोस्टरखाली मुद्दाम तासभर उभा राहिलो. एकानेही ओळखलं नाही. जरा वाईटच वाटलं.

२१ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी. मालनमावशीकडे फराळ. मावशी म्हणजे आमच्या खोलीखाली भाजी घेऊन बसते ती — सायखेड्याची, रोज एस्टीने येते. माझी काही लागत नाही, पण शिव्या सख्ख्या मावशीसारख्या देते. आज मात्र एकही दिली नाही. करंजी हातात देऊन माझ्याकडे बघत बसली. काहीतरी बिनसलंय.

३१ ऑक्टोबर, बुधवार

आज बोलली. मी तिच्या टोपलीतल्या शेंगा फोडत होतो. माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "खातोय बघ कसा! आन तिकडं एका बाईचा सौंसार मोडाया आलाय."

मला वाटलं, चिवडेवाल्याने काहीतरी उठवलंय!

ती आरशांची कुंची सिंधुबाईच्या पोराची. कुंची तिनेच शिवली, गावात तसली दुसरी नाही. मिशीमुळे मला कोणी ओळखत नाही, पोराला मात्र अख्खा सायखेडा ओळखतो. पोस्टर चावडीवर आहे, दवाखान्यात आहे, पिठाच्या गिरणीत आहे. तिचा नवरा रंगनाथ — अर्धा उठून बसला तोच तो! आणि खाकरला तो म्हातारा त्याचाच बाप. पुंजाबाबा.

"पारावर काय म्हनत्यात ठावं हाय?" मावशी म्हणाली. "रंग्याच्या पोराला सरकारनं बाप दिला! हसून हसून लोळत्यात मेले. रंग्यानं पारावर जायाचं सोडलं. घरी आला की भिताडाकडं त्वांड. बायकूला म्हनला, तुला कुनी सांगितलं हुतं लेकरू द्यायला? ती काय बोलनार! दिवाळीला भाऊ आला, चांदोरीला म्हायेरी घेऊन गेला. भाऊबीज झाली. समद्यांच्या सुना परत आल्या. हिला न्यायला कुनी जाईना."

"जातील की."

"कोन जाईल? नवरा म्हनतो, मी नाय. सासरा कायबी म्हनत नाय. आन पोरगी रोज वाटंकडं बघत बसती. तू शेंगा खा."

हातातली शेंग टोपलीत परत टाकली.

१ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांकडे गेलो. म्हटलं, ती पोस्टरं काढा, एक बाई घराबाहेर आहे. म्हणाले, "काढा? वरून शाबासकी आली आहे!"

म्हटलं, निदान पुढच्या सभेत म्हाताऱ्यांना समजावा. आधी आजोबांना सांगायला हवं, मग बाप आपोआप उठतील.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आजोबा आपल्या योजनेत बसत नाहीत."

वर बातमी दिली — चौदा तारखेला, बालदिनाला, मंत्र्यांच्या हस्ते माझा सत्कार. आदर्श पिता म्हणून. शाल, नारळ.

"साहेब, माझं लग्नच झालेलं नाही!"

"ते कोण विचारतंय? मिशी लावून ये. आणि एक पोर आण कुठलंही. रडकं नको."

४ नोव्हेंबर, रविवार

सीबीएसच्या एस्टी स्टँडवर पोस्टरं फाडायला गेलो. एक फाडलं. त्याच्याखाली ओझरच्या कुस्त्यांचं निघालं, ते वाचत उभा राहिलो. जोड्या चांगल्या होत्या. तेवढ्यात वॉचमनने मनगट धरलं. "सरकारी कागद फाडतोस? कोण तू?"

म्हटलं, यातला बाप मीच. त्याने एकदा पोस्टर पाहिलं, एकदा मला. "चल निघ! तो चांगल्या घरचा दिसतो."

७ नोव्हेंबर, बुधवार

सुरतेला जावं हे बरं. पिशवी भरली. चौदा तारखेचं मालनमावशीला सांगून ठेवलं होतं. तिने खिडकीतून पाहिलं असावं. खालून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "जा बाबा, जा! बापं अशीच जात्यात!"

पिशवी भरलेलीच आहे. मी इथेच.

१० नोव्हेंबर, शनिवार

सायखेड्याला गेलो. का गेलो माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. रंगनाथने दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो मळ्यात होता, आणि पारावर एकटा म्हातारा. पुंजाबाबा. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"कोन रं तू?"

"पोस्टरवरचा."

नखशिखान्त पाहिलं. "मिशी कुठंय?"

"ऑफिसात जमा असते."

हसला नाही. म्हणाला, "माझ्या पोराची गावात आब्रू घालवली तुमी. घरात लेकरू नाय, सून नाय. पाळण्यात मांजर झोपतंय."

तोंडाला आलं ते बोललो. "बाबा, रंगनाथ उठला होता. आम्ही कोणी पोर उचललंच नसतं. तो उठला आणि तुम्ही खाकरलात. तो बसला."

गावात म्हातारा खाकरला की सुना पदर घेतात, पोरं बिड्या विझवतात. ते हुकमासारखं असतं. मला वाटलं, आता काठी पडणार. काठी मांडीवर आडवी घेऊन म्हातारा नदीकडे वळला. म्हणाला, "मला खोकला आला हुता."

मी पाराच्या कडेवर टेकलो.

"मी फुडं बसलो हुतो. मागचं काय दिसतंय मला!" मग जरा हळू — "रंग्या उठला हुता? खरं?"

"अर्धा."

"अर्धा." चंची सोडली. पान लावलं नाही, नुसता चुना अंगठ्याने चोळत राहिला. "माझा बाप मेला तवा रंग्या औत हाकाया लागला हुता," म्हणाला. पुढे काही बोलतो का म्हणून थांबलो. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा. तुझी एस्टी चुकंल."

एस्टी चुकलीच. पुलापर्यंत चालत आलो. पुलावर उभं राहून मासे धरणारी पोरं बघितली. पलीकडे चांदोरी दिसते. एवढीशी तर नदी मध्ये!

१२ नोव्हेंबर, सोमवार

मालनमावशी दोन दिवस बाजारात नाही. भाजी शेजारणीकडून घेतली. भेंडी जून निघाली.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या स्टेजवर चढायचं की सुरतेची गाडी धरायची? फकिरा म्हणतो, "चढ. शाल तरी मिळेल." स्टेजवर माईक हातात आला तर सगळ्यांसमोर सांगून टाकेन — हे पोर माझं नाही, ते पोरही माझं नव्हतं! सांगेन का पण? माईक हातात आला की मी नेहमी भलतंच बोलतो.

१४ नोव्हेंबर, बुधवार

स्टेजच्या मागे, सोड्याच्या खोक्यावर बसून लिहितोय. मिशी एकीकडे चिकटली, दुसरीकडे चिकटत नाही. मांडीवर फकिराचं धाकटं, उसनं. मंत्र्यांची गाडी यायची आहे. साहेब पडद्यातून तीनदा डोकावले.

कनात वर करून बघितलं आत्ता. मंत्री नाहीत — सायखेड्याचा म्हातारा! मालनमावशी वाट काढत पुढे. रंगनाथच्या कडेवर आरशांची कुंची, भर गर्दीत, आणि म्हातारा चार पावलं मागून बघत चाललाय. सिंधुबाई त्याच्या मागे, नवं लुगडं. शिपायाने अडवलं. म्हाताऱ्याने काठी आपटून विचारलं, ते मला इथवर ऐकू आलं —

"त्यो सरकारी बाप कुठंय? त्याला म्हनावं, उतर खाली. पोराचा आलाय."