पिकायची वाट पाहू नकोस

केडगाव, ता. दौंड

प्रिय विश्वजीत,

फोन केला असता, पण तू “बरं ताई, बघू” म्हणून ठेवून देतोस. कागद तसा ठेवता येत नाही, म्हणून लिहितेय.

मला काचबिंदू निघालाय. शेवंती खुडताना डाव्या सरीतली फुलं मागं राहायला लागली. सासूबाई म्हणाल्या, “नीलम, ध्यान कुठं हाय तुझं?” ध्यान होतं रे, नजरच पोचत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला दाब वाढून मागच्या नसेतल्या पेशी मरतात. कडेची नजर आधी जाते आणि दुखत म्हणून काही नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. उरलेल्या जपायच्या, एवढंच आपल्या हातात. म्हणून रोज थेंब घालते. एखादा गालावर ओघळला तर लगेच दुसरा घालते. सकाळी उठले की एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघते, कालच्यापेक्षा कमी तर दिसत नाही ना म्हणून. मला भीती वाटते विश्वजीत, फार वाटते. घरात कुणाला सांगत नाही.

आप्पांचं आठवतं ना? अख्खं निमोणे गाव म्हणत होतं, मोतीबिंदू आहे. आप्पाही म्हणायचे, “पिकू दे की, मंग काढू. कच्चं कुणी खुडतं व्हय?” बाप शेतकरी माणूस, आपल्यालाही ते पटलं. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, हा काचबिंदू, आणि नस पार वाळून गेलेली. पुढं ते भिंत धरून गोठ्यापर्यंत जायचे, आणि कुणी हात धरला की चिडायचे.

आता खरं सांगते. हे दुखणं रक्तातून येतं, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायचंच असतं. भाऊबीजेला तुला ओवाळताना मी तबक डावीकडं नेलं, तर तुझी नजर हललीच नाही. वहिनी शेजारी होती, म्हणून मी तसंच ओवाळून घेतलं. निघताना तू आमच्या तेजश्रीला धडकलास आणि हसून म्हणालास, “पोरगी मधीच आली की!” ती मध्ये आली नव्हती रे. ती केव्हाची तिथंच उभी होती. आणि तू रोज कारेगावच्या रस्त्यानं कंपनीची भरलेली बस नेतोस. गुरुवारचा नंबर लावलाय, आपल्या दोघांचा. रागाव, चार शिव्या घाल, पण तोवर स्टेअरिंगला हात लावू नकोस. तुला माझी शपथ आहे.

तुझीच,
घाबरलेली ताई