मांडीच्या हाडाचा फोटो

मुंबई, १२ मार्च १९४१

चिरंजीव धुडकूस दादाचा आशीर्वाद.

बैलगाडीवरून पडून मांडी मोडली तरी जीव शाबूत आहे. जेवण बरं मिळतं. केळीला पाणी देतोस ना?

काल डॉक्टरांनी माझ्या मांडीच्या हाडाचा एक्स-रे खिडकीशी धरला. म्हणाले, खुब्याशी मोडलेलं हाड जोडायला आत खिळा ठोकावा लागेल; हाड मजबूत असेल तरच तो टिकेल. "घरात कुणाची हाडं ठिसूळ होती का?"

"नही, साहेब," मी म्हटलं.

खोटं बोललो रे. खरं ऐकून त्यांनी परत पाठवलं असतं, तर आईसारखाच मोडक्या पायानं खाटेवर पडून राहिलो असतो. तिच्या अस्थी वेचताना मांडीच्या हाडाचा माझ्या चिमटीत भुगा झाला होता. फोटोत मला तेच दिसलं.

परवा ऑपरेशन. तुझ्या वहिनीला फक्त जेवणाचं सांग.

तूही गाडीवर जपून चढत जा. तुझी हाडंही आईचीच आहेत.

रूपचंद