सव्वा मूठ

२८ जुलै, सोम.
जहाजाने बंदर सोडलं. आता शनिवारपर्यंत नुसतं पाणी. सुटता सुटता मायचा फोन. चुलते आबा घरी येऊन सांगून गेले, "वहिनी, यंदा तुमना घरमा पुरुष नही. मूठ कोनी धरशात? आमनाकडेच या."
म्हणजे रविवारी कानबाईचा सण, आणि आमच्या घरात तिच्या रोटाचा, नैवेद्याचा गहूच निघणार नाही. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू धरायचा. नाना (वडील) गेले, मूठ संपली. गेल्या वर्षी सुतकात सण झालाच नाही, म्हणून हे यंदा दारात आलं.
म्हटलं, माझ्या नावाची घे. माय म्हणे, "तू आंडेर शे. आंडेरनी मूठ कोन्ही धरी शे का?" लेकीची धरत नाहीत, विषय संपला. मी तोंड उघडणार तेवढ्यात रेंज गेली.

२९, मंगळ. समुद्र.
अठरा खोल्या आवरल्या, प्रवाशांच्या पलंगांवर टॉवेल दुमडून केलेले अठरा हत्ती. कोपऱ्यातल्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, हत्ती जेवला का? हसले. मग दिवसभर चिडचिड. उशांचे अभ्रे ओढताना एक टरकावला.
घरी आज नागपंचमी. मायला चार निरोप. चारही एका टिकवर अडकलेत.

३०, बुध.
घड्याळ परत तासभर मागे. रोज घर एक तास लांब जातं. मारिसोल (माझ्या खोलीतली, फिलिपिन्सची) म्हणते, तासभर जास्त झोप मिळते, आनंद मान. हिला काय सांगू.
आठवीत असताना नाना गहू काढत होते, मी पण हात घातला. "तुनी मूठ तुना सासरमा." खरं वाटलं. पुढे दोंडाईच्याला दिलेल्या अक्काला विचारलं. तिथे नवऱ्याची धरतात, दिराची धरतात. तिची तिथेही नाही. मग आमच्या मुठी जातात कुठे?

३१, गुरु.
घोळ घातला. मोठा.
जेवणाच्या सुटीत नेट लागलं. मायसाठी आवाजी निरोप बोलले, तावात. आबांच्या नातवाला तीन महिने झाले नाहीत, त्याची मूठ धरतात. त्यांचा सोपानदादा पुण्याहून चार वर्षांत फिरकला नाही, त्याची धरतात. नानांना अग्नी मी दिला, तेव्हा आबा शेजारीच उभे होते, तेव्हा आंडेर चालली. आणि पाठवला. भावकीच्या ग्रुपवर. मायच्या नावाखालीच तो ग्रुप, अंगठा घसरला.
पुसायला गेले तर नेट गायब. अडतीस जण आहेत त्यात. दुपारी चादरी चुकीच्या खोल्यांत टाकल्या, सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

१ ऑगस्ट, शुक्र.
सकाळी पाच मिनिटं नेट. सगळ्यांनी ऐकलंय. एकाचा शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मायचा फोन बंद.
मी इथे बोलून मोकळी, तिला त्याच गल्लीत राहायचंय. बोलले त्याचा पस्तावा नाही. तिच्या जिवावर बोलले, त्याचा आहे. डेकवर तीन फेऱ्या मारल्या. कुठूनही बघा, पाणीच.

२, शनि.
किनारा दुपारी लागणार म्हणत होते, पण स. ६लाच फोन वाजला. माय, व्हिडिओवर. तिकडे दुपार उलटलेली. चक्की धुऊन ठेवलीय, गावातली बायामाणसं रोटाचं दळायला निघालीत. तिच्या पुढ्यात सूप, रिकामं. दारात आबा, टोपी हातात.
म्हटलं, आबा काय म्हणाले? "सकायपासून तठेच उभा शेतस."
मी माफी मागायला लागले. तिने ऐकलंच नाही. गव्हाच्या डब्यात हात घालून म्हणाली, "तुनी मूठ केवढी शे आते? माले ठाऊक नही. दखाड."
हात साबणाने सोललेला, तसाच आवळून फोनसमोर धरला. नेट अडकलं, तिकडचं चित्र तिथेच थांबलं. तिचा हात डब्यात, आबांचा एक पाय उंबऱ्याच्या आत.
मारिसोल उठून बघत होती. कितीतरी वेळ मी मूठ तशीच धरून बसले होते. मायला दिसली की नाही, माहीत नाही.