फ्लॉपीवरचं कुंकू

सक्करदरा, नागपूर
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८८

प्रिय गिरिधर,

पुण्याची हवा मानवली का, असं विचारून पत्र सुरू करायची माझी पद्धत. आज तेवढा धीर नाही. सकाळपासून कितीदा कागद पुढे ओढला नि कितीदा उठले. खिडकीशी जाते, परत येते, पुन्हा उठते. आई वैतागून म्हणाली, "पायाले भिंगरी बांधली का वं तुह्या?"

तू गेलास तरी सदर भागातल्या आपल्या ऑफिसातले प्रोग्रॅम तूच बसवलेला कंपायलर मशीनच्या भाषेत उतरवत होता. आता त्याची नवी आवृत्ती आलीय, चार फ्लॉप्यांवर. भैयाजींनी मालकाच्या थाटात पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "दसऱ्याच्या मुहूर्तावर चालू झालं पायजे. जमलं तं मशीनचं सारं काम तुह्याकडे. नसन जमत तं गिरिधरले वापस बोलावतो, पगार वाढवून." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जमलं तर तुझी खुर्ची माझी. नाही जमलं तर तू परत. तूच सांग, देवापुढे हात जोडून मागायचं तरी काय?

खंडेनवमीला ऑफिसात आपल्या शोभाताईंनी नेहमीसारखी पूजा मांडली. टाइपरायटर, पंचिंग मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू. फ्लॉप्या नव्या कोऱ्या, त्यांना कसं वगळायचं? फ्लॉपीच्या पाकिटाला ती लांबट खिडकी असते ना, जिच्यातून आतली तबकडी दिसते? बाईंना टिळ्यासाठी नेमकी तीच जागा कपाळासारखी वाटली. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नसतो, म्हणून मला कळलं ते थेट दसऱ्याच्या सकाळी. दोन फ्लॉप्यांना फुलंच वाहिली होती, त्या नीट चढल्या. तिसरी घातली आणि ड्राइव्ह खरखरली. बाहेर काढून बघते, तर भरगच्च कुंकू! मी बाईंवर ओरडले. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मशीनले लावलं, टाइपरायटरले लावलं, मंग त्याईनंच काय पाप केलं होतं?" भैयाजींनी कपाळाला हात लावला नि म्हणाले, "जाऊ दे. उद्या पुण्याले तार करतो."

मी खूश झाले, गिरिधर. सगळ्यांसमोर तोंड पाडून उभी होते आणि आतून खूश झाले. मग स्वतःचाच राग आला.

कारण नवी फ्लॉपी आली की आधी तिची नक्कल काढायची, हे तूच मला शिकवलंस. चारही नकला घरी माझ्या कपाटात होत्या. त्या आणायला म्हणून निघाले, घेतल्याही, पण सदरऐवजी सक्करदऱ्याच्या तळ्याशी जाऊन बसले. बसवेना म्हणून फेऱ्या मारल्या. तिसरी नक्कल पाण्यात टाकली असती तर कुणाला कळलं असतं? खापर शोभाताईंच्या कुंकवावर फुटलंच होतं.

दुपारी सायकल दामटत ऑफिसात पोचले. ती एकच ड्राइव्ह पुसून, तपासून, नकला चढवल्या. तरी नाव टाइप केलं की जुनाच कंपायलर उघडायचा! नाव दोघांचं एकच, आणि मशीन सुरू होताना जी फाइल वाचते, तिच्यात तू जुन्याचा पत्ता आधी लिहिलेला. जो आधी सापडेल तोच चालणार. ती फाइल उघडली आणि तुझी ओळ समोर आली. रोज सकाळी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटते ती: 'शामला, चाय झाली का वं?' तू गेल्यापासून रोज ती वाचते आणि रोज चिडते. नव्याचा पत्ता पहिला केला. तुझ्या ओळीला हात लावला नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केली, तर आधी चहाची चौकशी झाली आणि मग नवा कंपायलर उघडला. भैयाजींनी सगळ्यांना सोनं वाटलं, मला दोनदा. मी शोभाताईंच्या पाया पडले, तेव्हा कुठे त्या हसल्या.

म्हणजे तुला तार येणार नाही. ती मीच थांबवली. तू पगारासाठी आला असतास, तर तू कशाला आलास हेच मी जन्मभर शोधत बसले असते. इथे आता तुझी खुर्ची नाही, वाढीव पगार नाही, आणि घरी दिवाळीनंतर मला बघायला माणसं येणार आहेत. तरी ये. दिवाळीला पारशिवनीला आईकडे जाशील, त्याआधी आमच्याकडे उतर आणि बाबांशी बोल. यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही, मग ती ओळ मी पुसून टाकते. आणि तू रोज विचारतोसच, तर सांगते: नाही झाली अजून चाय. थांबलेय.

तुझीच (हे आज पहिल्यांदा लिहितेय),
शामला