शेवटच्या ओळीतला शब्द

राष्ट्रदिनाचा दुसरा दिवस
दुकानातून, दुपारी

दादा,

खुशाली आधी उरकून टाकते. मी बरी आहे, दुकान बरं चाललंय, बाबाही ठीक आहेत. माझ्या शुद्धलेखनाकडे मात्र काणाडोळा कर. मुद्रितशोधक भावाला पत्र लिहायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं होतं, हातच आखडतो.

काल राष्ट्रदिन झाला. गल्ली सकाळीच धुऊन काढली होती, खिडक्याखिडक्यांतून कापडी पताका, आणि कारखान्याचा बँड नेहमीप्रमाणे बेसूर. झेंडा वर गेला आणि गाठीतच अडकला. सगळे श्वास रोखून उभे. नळवाल्याने दोरीला एक हिसका दिला, तसा तो फडकन उलगडला. दर वर्षी बघते, तरी दर वर्षी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवते. तू हसशील. हस.

पहिल्या राष्ट्रदिनाची हकिकत तुला पाठ आहे. तरी पुन्हा सांगते, कारण वर्तमानपत्रातल्या त्या लेखात तू चूक तेवढी लिहिलीस, हकिकत लिहिली नाहीस.

परक्यांचं राज्य गेलं त्या सकाळी टपाल कचेरीवरचा जुना झेंडा उतरला, आणि नवीन राष्ट्रगीत कोणालाच येत नव्हतं. गल्लीत रेडिओ एकच, आपल्या बाबांकडे, तोही दुरुस्तीला आलेला. बाबांना तेव्हा मिसरूड फुटत होतं. खरखरणाऱ्या सेटला कान लावून त्यांनी एकेक ओळ उतरवून घेतली आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून अख्ख्या गल्लीकडून घोकून घेतली. शेवटची ओळ होती ‘आम्ही जागे राहू’. बाबांना ऐकू आलं ‘आम्ही जागा राखू’. रेडिओ दुरुस्त करणारा माणूसच चुकीचं ऐकतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण त्या दिवशी पाववाल्या काकूंचे यजमान अजून तुरुंगातच होते. कुठल्या तुरुंगात, हेही कोणाला माहीत नव्हतं. गाणं संपल्यावर काकू घरात गेल्या, एक खुर्ची घेऊन आल्या आणि आपल्या शेजारी रिकामी ठेवली. “आत्ताच म्हणालो ना, जागा राखू? मग राखायची,” म्हणाल्या. पुढच्या राष्ट्रदिनाला त्यांचे यजमान त्याच खुर्चीत बसून पाव खात होते. मग कोणाची बिशाद आहे शब्द बदलायची! तेव्हापासून प्रत्येक घर आपल्या रांगेत, लांब असलेल्या माणसासाठी एक खुर्ची रिकामी ठेवतं. चुकलेल्या एका शब्दातून अख्ख्या गल्लीला शहाणपण आलं. मला तर बाबांचा अभिमानच वाटतो, कोणी काहीही छापो.

तू छापलंस. लोक बाबांना ‘बहिरा रेडिओवाला’ म्हणून हसले. “त्या दिवशी तू नव्हतास रे,” एवढंच बाबा म्हणाले. “चूक ती चूक, बाबा,” तू म्हणालास आणि बॅग उचललीस. दोघंही एका माळेचे मणी! माझं मात्र तुम्हा दोघांमध्ये सँडविच झालं.

यंदा शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या आहेत. बाई फार गोड. दुकानात येऊन बाबांना म्हणाल्या, “काका, गीत तुम्हीच सांगायचं, तो मान तुमचाच. फक्त शेवटचा शब्द तेवढा बरोबर म्हणाल का? मुलं पुस्तकात वेगळं वाचतात.” मी मनात म्हटलं, आता भडका उडणार. पण बाबांनी बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. “म्हणीन की.”

त्यानंतर रोज दाढी करताना आरशासमोर सराव. ‘जागे राहू. जागे राहू.’ एवढ्या वर्षांची सवय, जीभ सारखी घसरायची. स्वतःवरच चिडायचे, पुन्हा म्हणायचे.

बाबा ठीक आहेत असं वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना ऐकू येत नाही. यंत्र लावून पाहिलं. “जुन्या सेटसारखी नुसती खरखर,” म्हणाले आणि खणात टाकलं. डॉक्टर म्हणतात, आता कान सुधारायचे नाहीत. दुकानात सेट उघडतात, तुटल्या तारांना कथलाचा डाग देतात आणि माझ्याकडे सरकवतात, “बघ गं, बोलतोय का?” तुला कळवायला त्यांनीच बंदी केली होती. “म्हणेल, मी सांगत नव्हतो का, म्हातारा पहिल्यापासूनच बहिरा होता!”

काल ते पायरीवर उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, मान ताठ. आपल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर नगराध्यक्ष टेकायला गेले, तर बाबांनी त्यांना हाताला धरून माझ्या खुर्चीत बसवलं आणि मी उभी! ती खुर्ची कोणाची, हे बाबांनी आजवर तोंडाने सांगितलेलं नाही.

मग गीत. शेवटची ओळ आली. बाबा खणखणीत म्हणाले, “आम्ही जागे राहू.” एकही अक्षर घसरलं नाही. आणि त्यांच्यासमोर अख्खी गल्ली एका सुरात गरजली, “आम्ही जागा राखू!” मुख्याध्यापिकाही तेच म्हणाल्या, बिचाऱ्या ओघात वाहून गेल्या. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे त्यांना कोणाचे ओठही दिसले नाहीत.

घरी आल्यावर मला विचारलं, “सगळ्यांनी बरोबर म्हटलं ना?”

मी होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार?

“मग त्याला लिही,” म्हणाले. “म्हणावं, चूक दुरुस्त केली. आता यायला हरकत नाही.”

दादा, एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की तू त्या एका शब्दामुळे येत नाहीस. आपल्या तरुणपणातली सगळ्यांत मोठी सकाळ त्यांनी तुझ्यासाठी खोडून टाकली, एकट्याने, भर गल्लीत. तू घर सोडलंस तेव्हाच मला ठाऊक होतं की भांडण शब्दाचं नव्हतं, तुम्हा दोघांच्या हट्टाचं होतं. त्यांना हे मी सांगायचं नाही, तू सांगायचंस.

उत्तर लिहू नकोस. फोन करून उपयोग नाही. समोर येऊन बस आणि हळू बोल, ओठ दिसले की त्यांना कळतं. उशीर करू नकोस, हल्ली त्यांची नजरही अधू होत चालली आहे.

छोटी